ओढलेला धागा

भिंगाखाली नखावरची रेघ टोकाशी दोन धाग्यांएवढी रुंद होती आणि मुळाशी चार.

ती मोजायची असे सुनेने ठरवले नव्हते. रंगवलेल्या कापडाचा नमुना दिव्याच्या पेटीत ताणून धरला होता, धागे मोजायचे चौकोनी भिंग त्यावर ठेवले होते, आणि नमुना सरळ करताना मास्तरांचा उजवा अंगठा आपोआप काचेखाली आला होता. शेजारीच कापडाचे धागे होते. मोजायला वेगळे काही लागलेच नाही.

नख मुळाशी तयार होते आणि टोकाकडे सरकत जाते. टोकाशी असते ते जुने, मुळाशी असते ते ताजे. म्हणजे ही रेघ आधी बारीक होती आणि आता रुंद होत चालली होती. यात मतभेदाला जागा नव्हती.

“काय मोजते आहेस एवढं?” मास्तरांनी विचारले. “काळा झालाय की नाही, तेवढं सांग.”

“झालाय, बाबा. थोडा तांबूस मारतोय.”

“तांबूस? दिवा बदल.”

तिने खटका दाबला. पेटीतला पांढरा दिवा गेला, पिवळा आला. कापडाचा काळा लगेच बदलला. चोरून खाल्लेले ओठांवर दिसावे तशी त्याच्या पोटातली तांबूस झाक वर आली. रेघ मात्र होती तशीच राहिली. तपकिरी, आणि त्या तपकिरीत दोन-तीन गडद काड्या. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी सुरू होते, तिथेही एक धुरकट सावली उतरली होती. मागच्या वेळी ती तिथे होती की नाही हे तिला आठवेना, आणि आठवेना याचाच तिला राग आला.

मास्तरांनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

“अजून एक धुलाई द्या रे याला,” ते दाराकडे तोंड करून ओरडले आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

तिने पेटीचा दिवा मालवला. पुन्हा लावला. भिंग पुसून डबीत ठेवले, डबी खणात ठेवली, मग खण उघडून डबी नीट बंद आहे ना ते पाहिले. हल्ली तिचे असेच होत होते. हात रिकामे राहिले की ते काहीतरी उघडत आणि बंद करत.

घरामागच्या लांबट शेडमध्ये त्यांचे कापड रंगवायचे काम चाले. लग्न होऊन ती या घरात आली ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, “आमच्याकडे हौदात सगळी रसायनंच आहेत, शास्त्र तेवढं तू घेऊन आलीस.” मास्तरांनी शेडच्या टोकाला, मोठ्या खिडकीजवळ, तिला एक टेबल, एक कपाट आणि एक नळ दिला. त्याला सगळे लॅब म्हणू लागले. नवरा माल पोचवायला आणि पैसे आणायला सतत फिरतीवर. त्यामुळे दिवसभर शेडमध्ये सासरा आणि सून. घरात त्यांना बाबा म्हणत, बाकी सगळे मास्तर. सासूबाईही रागावल्या की मास्तरच म्हणत.

मागावरून धुऊन आलेले कापड मास्तरांनी नख फिरवल्याशिवाय हौदात जात नसे. विणताना सुताला खळ लावलेली असते. ती धुऊन पुरती गेली नाही तर रंग ठिकठिकाणी अडतो, कापड कोड फुटल्यासारखे दिसते. मास्तर कापड मांडीवर घेत, डाव्या हाताने ताणत आणि उजव्या अंगठ्याच्या नखाची कड त्यावरून सर्रकन ओढत. खळ राहिली असली तर पांढरी ओळ उठे. नसली तर एक कोरडा, बारीक आवाज येई आणि ते मान हलवत. तिने आल्या आल्या आयोडीनचे द्रावण करून दाखवले होते. थेंब टाकला की खळ निळी होते, हाताची गरजच नाही. मास्तरांनी थेंब निळा होताना कौतुकाने पाहिला, आणि मग तरीही नख फिरवले.

“तुझं औषध खोटं नाही गं,” ते म्हणाले होते. “पण त्याला आवाज नाही.”

तेव्हापासून दोन्ही होत असे. आधी तिचा थेंब, मग त्यांचे नख. आणि शब्द नखाचा शेवटचा.

काही महिन्यांपूर्वी एक डॉक्टरीणबाई कामगारांची कातडी तपासायला शेडमध्ये आल्या होत्या. वयाने तरुण, आवाजाने थोर. त्यांनी भिंतीवर चित्रे दाखवली, आणि त्यासाठी मास्तरांनीच पांढरे कापड ताणून दिले होते. कातडीचा कॅन्सर एकच नसतो, त्या म्हणाल्या. एक येतो तो नाकाच्या किंवा कानाच्या कडेला मोत्यासारखा चकाकणारा फोड होऊन. दुखत नाही. कधी रक्त येते, खपली धरते, बरा झाला असे वाटते आणि पुन्हा तेच. तो सावकाश वाढतो आणि सहसा लांब जात नाही, पण आहे तिथे कुरतडत राहतो. दुसरा खरखरीत, खवल्यांचा. तो खालच्या ओठावर येतो, उन्हाने करपलेल्या जागी येतो, भाजल्याच्या जुन्या व्रणावरही येतो. जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि तिच्या कडा जाड, कडक झाल्या आहेत, तर ती नुसती जखम आहे असे धरून चालायचे नाही. आणि तिसरा काळा, सगळ्यांत पळता.

“तिळाचे दोन अर्धे एकमेकांसारखे नसले, कड फाटल्यासारखी असली, एकाच तिळात दोन-तीन रंग असले, पेन्सिलीच्या रबरापेक्षा तो मोठा झाला, तर दाखवायला यायचं. आणि मुख्य म्हणजे, बदलत असला तर यायचंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि सावळ्या माणसांनी फक्त तोंडावर शोधू नये. तळपाय बघा, तळहात बघा, नखांखाली बघा.”

“बाई, आमच्या नखांखाली तर अख्खं रंगाचं दुकान आहे,” मागून कोणीतरी म्हणाले.

सगळे हसले. हात पुढे करायला लावल्यावर डॉक्टरीणबाईही हसल्या. एकूण एक नख काळे, निळे, नाहीतर शेवाळी.

“इथे मी काय बघू, सांगा.”

“ब्लीचच्या पाण्यात हात घातले की जातं,” मास्तर म्हणाले.

घरी जाताना सगळे तसेच हात धूत. बादली आली. एकेक हात त्यात बुडाला आणि फिकट होऊन वर आला. मास्तरांचाही आला. फक्त उजव्या अंगठ्यावर एक रेघ राहिली.

“जुना रंग आहे. मुरलाय,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पात्याच्या कडेने नख हलकेच खरवडले. काही निघाले नाही. मग दिवा असलेले एक छोटे यंत्र डोळ्याला लावून त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

“नखावर रेघ असणं नवीन नाही, काका. सावळ्या माणसांत पुष्कळांना असते, जन्मभर असते, काही होत नाही. पण एकाच बोटाला, या वयात, नव्यानं आलेली... मुळाशी छोटा तुकडा काढून तपासू या. काही नसलं तर सुटलो. असलं आणि वरवरचं असलं, तर नख आणि त्याखालची गादी काढून भागेल. खोल गेलं असलं तर पेरापर्यंत अंगठा. म्हणून म्हणते, लवकर या.”

एवढ्या सगळ्यातून मास्तरांनी एकच शब्द घरी आणला. अंगठा.

“हा लॉट निघू दे,” ते म्हणाले. तो लॉट निघाला. मग मोठ्या गिऱ्हाइकाचा काळ्या रंगाचा आला, तो निघाला. मग नवा हौद बसायचा होता. नवरा फोनवर विचारी, “बाबा गेले का?” आणि ती म्हणे, “जाणार आहेत.” हे वाक्य इतक्यांदा म्हणून झाले होते की त्याला आता काही अर्थच उरला नव्हता.

दुपारी जेवताना मास्तरांची नजर ताटात होती. सासूबाई बोलल्या.

“माझ्या पाठीवर मोसांचा बाजार भरलाय. डॉक्टरीणबाईंनी एकेक बघितला. म्हणाल्या, आजी, हे वयाचे मोस, मेणाचे थेंब चिकटावेत तसे वरवर चिकटलेत, यांना भ्यायचं नाही. मी पाठ उघडी टाकून बसले तिथं, लाजले नाही. आणि तुम्हाला एक अंगठा दाखवायचा तर सतरा लॉट आडवे येतात.”

“जेवू देशील?”

“जेवा की. कुठल्या हाताने जेवताय तेही एकदा बघा.”

मास्तरांचा घास वाटेत थांबला, मग तोंडात गेला. सून पाण्याचे भांडे भरायला उठली. ते भरलेलेच होते.

हात धुऊन मास्तर नॅपकिनला पुसू लागले आणि अंगठा अडकला. एक धागा नखात गुंतून लांब ओढला गेला, नॅपकिन चुरगळून त्याला सुरकुती पडली. त्यांनी झटक्याने हात सोडवला.

“विरलाय हा. टाकून द्या,” ते म्हणाले.

सासूबाईंनी नॅपकिन उचलून उजेडात धरला. नवा कोरा होता. त्या काही बोलणार एवढ्यात त्यांची नजर सुनेकडे गेली. सून ताटे उचलत होती. एकावर एक ताट तिने इतके हळू ठेवले की आवाज झाला नाही.

तिला हे आधीपासून माहीत होते, आणि तेच तिला बसू देत नव्हते. कापड विणणाऱ्या मागवाल्यांकडून गेल्या काही महिन्यांत आलेले दोन लॉट मास्तरांनी परत पाठवले होते. नख फिरवताना धागा ओढला जातो, वीण सैल आहे, असे सांगून. मागवाल्यांचे कापड या शेडमध्ये ती येण्याच्याही आधीपासून येत होते आणि एकदाही परत गेले नव्हते. पहिल्या लॉटला तिने मनावर घेतले नाही. दुसरा जायच्या आधी एक ठाण तिने टेबलावर उलगडले आणि भिंग घेऊन कडेपासून कडेपर्यंत पाहिले. धागे एकसारखे, ताण एकसारखा. ओढलेले धागे होते, पण ते फक्त एका जागी, एका सरळ ओळीत, मास्तर जिथून नख फिरवत तिथे. बाकी सगळे ठाण आरशासारखे होते.

रेघेच्या बाजूने नख उकलत होते. फट केसाएवढी होती, सुती धागा पकडायला तेवढी पुरे.

त्या ठाणाची घडी तिने घातली होती आणि गप्प राहिली होती. कॅन्सर हा शब्द मास्तरांनी पचवला होता. तो परका शब्द होता, डॉक्टरीणबाईंचा होता, त्याला उद्या भेटतो म्हणता येत होते. पण तुमचे नख चांगल्या कापडाला नावे ठेवते आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांच्या निकालापुढे तिने आजवर फार तर “बाबा, एकदा उजेडात बघू या का?” एवढेच म्हटले होते.

मग ती शेडमध्ये जाऊन बाटल्यांची झाकणे घट्ट करत बसली.

भट्टीवाले काका आत डोकावले. वाफेची भट्टी तेच सांभाळत. काही महिने रजेवर होते, आज पहिलाच दिवस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी पाय स्टुलावर ठेवला.

“वहिनी, बघा. आता घाबरायचं काम नाही.”

नडगीवर लहानपणीचा भाजल्याचा व्रण होता, आणि त्यावर वर्षभर एक जखम चिघळत होती. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या कडा चाचपून त्यांना तिथूनच हाताला धरून नेले होते. कॅन्सर दुसऱ्या प्रकारचा निघाला, पण वेळेत. आता तिथे वेगळ्याच रंगाची, नितळ, जरा खोलगट कातडी होती.

“मांडीची कातडी काढून इथं शिवली. बायको म्हणते, नशीब पायावर होती. तोंडावर असती तर म्हणे मांडीचा मुका घ्यावा लागला असता.”

तिला हसू आले, आणि हसू आल्याचे नवल वाटले.

मागून मास्तर येत होते. काकांनी पाय खाली घेतला नाही.

“मास्तर, बघून घ्या. वर्षभर मलम चोपडत होतो मी. म्हणत होतो, भट्टीच्या धगीनं चिघळतंय, धग कमी झाली की बरं होईल. कारण सापडलं की माणूस निवांत होतो बघा. तुमच्यासारखाच शहाणा होतो मी.”

“वाफ कमी पडतेय,” मास्तर म्हणाले. “तिकडे बघ आधी.”

“वाफ काय, वाढवतो की. वाफ माझ्या हातात आहे,” काका म्हणाले आणि पँट खाली करत निघून गेले.

मास्तर टेबलाशी उभे राहिले. एक बाटली उचलली, तिचे नाव वाचले, ठेवली. त्यांना काही विचारायचे आहे असे तिला वाटले. तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला.

मागवाले एरवी माणूस पाठवत. आज ते स्वतः पुढच्या सीटवरून उतरले, आणि ठाण खांद्यावर टाकून स्वतः आत आले. हे बघूनच शेडमधली बोलणी कमी झाली.

“बसा, चहा सांगतो,” मास्तर म्हणाले.

“चहा मागाहून. आधी काम.” त्यांनी ठाण लाकडी बाकावर टाकले. “दोन लॉट परत आले माझे. वीण सैल आहे म्हणे. माझ्या मागावर, वीण सैल! घरी बायको म्हणते, डोळे तपासून घ्या. कारागीर म्हणतो, मालक, मास्तरांना आपलं कापड नकोसं झालंय, तोंडावर बोलवत नाही म्हणून कुरापत काढतात. तसं असेल तर सरळ सांगा. इतक्या वर्षांची ओळख आहे, मी काही गळ्यात पडून रडणार नाही.”

“नकोसं कशाला होईल? चूक दिसली ती सांगितली.”

“मग आज माझ्यादेखत दाखवा. हे सगळं मी जातीनं उभं राहून विणून, धुऊन घेतलंय. फिरवा नख.”

मास्तर बाकावर बसले. ठाणाचे टोक मांडीवर घेतले. कामगार आपापल्या जागी होते, पण एकाचाही हात चालत नव्हता. सासूबाई घराच्या मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. मागवाल्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला असावा.

सुनेने आयोडीनची बाटली आणली आणि रोजच्यासारखा थेंब टाकला. थेंब पिवळाच राहिला. खळ नव्हती.

मास्तरांनी कापड ताणले आणि उजव्या अंगठ्याचे नख त्यावर ठेवून ओढले. वीतभर ते सरळ गेले. मग अडकले. पांढऱ्या कापडावर एक बारीक चुणी उमटली आणि तिच्या टोकाशी एक धागा वर आला.

“हे बघा,” मास्तर म्हणाले. पण त्यांचा आवाज हे बघा म्हणणाऱ्याचा नव्हता.

मागवाल्यांनी ठाण आपल्याकडे ओढले. स्वतःच्या अंगठ्याचे नख त्याच जागेच्या शेजारी ठेवले आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत नेले. दोनदा नेले. कोरडा, बारीक आवाज आला.

“कुठं आहे ओढ?” ते म्हणाले. “आं? मास्तर, नाचता येईना अंगण वाकडं, असं करायला लागलात का या वयात?”

कोणी हसले नाही. मागवाल्यांनाही ते जरा जास्त झाल्यासारखे वाटले असावे, कारण ते लगेच खाली बसले आणि ठाणाची कड उगीच सारखी करू लागले.

मास्तरांनी कापड पुन्हा मांडीवर घेतले. पुन्हा उजवा अंगठा टेकवला. ती त्यांच्या शेजारी उभी होती आणि तिच्या हातातल्या बाटलीचे झाकण ती केव्हापासून घट्ट करत होती; ते आणखी घट्ट होण्यासारखे नव्हते. अजून एकदा अडकेल. मग हेही कापड परत जाईल. मग पुढचे येईल, आणि मुळाशी रेघ आणखी रुंद होईल.

“बाबा,” ती म्हणाली, “डाव्या हाताने बघा.”

मास्तरांनी मान वर केली. इतक्या वर्षांत तिने त्यांना कापड कसे बघावे हे सांगितले नव्हते. त्यांच्या कपाळावर आठी आली. मग त्यांनी ठाण मांडीवर फिरवून घेतले. डाव्या हाताला सवय नव्हती. नख आधी वाकडे गेले, मग सरळ झाले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ते सर्रकन गेले.

त्यांनी पुन्हा केले. जरा खाली, जरा वर. डाव्याने सगळीकडे कापड बोलत होते.

मग त्यांनी उजवा अंगठा टेकवला, अगदी हलका, आणि तो अडकल्याबरोबर थांबवला. ओढून सोडवला नाही. तसाच ठेवून, मान खाली घालून, नख आणि धागा जिथे एकमेकांत अडकले होते तिथे ते पाहत राहिले.

मागवालेही वाकले. “नख तुटलंय होय तुमचं? मग सांगायचं की राव, मी उगाच...” आणि मग त्यांना रेघ दिसली. तपासणीच्या दिवशी ते इथे नव्हते, पण ती रेघ बघायला डॉक्टर असावे लागत नव्हते. त्यांनी धागा दोन बोटांनी हळूच नखातून सोडवला, लहान मुलाच्या बोटातून काटा काढावा तसा.

“नेलकटर आण,” मास्तर सुनेला म्हणाले.

तिने खणातून आणून दिला. त्यांनी उकललेली कड कापली. बोट फिरवून पाहिले. पुन्हा कापली. नखाचा चतकोर उडाला तरी फट होतीच, आणि आता ती आतल्या मांसापर्यंत आली होती.

“मुळापासून आहे ती, बाबा,” ती म्हणाली. “कापून संपायची नाही.”

मास्तरांनी नेलकटर मिटला.

“ते आधीचे दोन लॉट,” त्यांनी विचारले. “ते कसे होते?”

ती मागवाल्यांकडे बघू शकली नाही. “दुसरा मी भिंगाखाली बघितला होता. चांगला होता. पहिलाही असणार.”

“हं.”

तू तेव्हाच का बोलली नाहीस, हे विचारायला वेळ होता, जागा होती, आणि सगळी शेड ते ऐकायला थांबली होती. ते उठले. ठाणाची घडी घातली, दोन्ही हातांनी, सावकाश, कडेला कड लावून, आणि मागवाल्यांच्या समोर जाऊन उभे राहिले.

“कापड उतरवून घ्या रे,” ते मोठ्याने म्हणाले. “सगळं. परत गेलेलं आहे तेही उद्या मागवून घ्या. वीण चांगली आहे.”

“अहो, राहू द्या ते,” मागवाले म्हणाले. “ते काय, येईल सावकाश. तुम्ही आधी...” ते उठून उभे राहिले. “चहा सांगणार होतात ना?”

“सांगतो.”

पण मास्तर चहा सांगायला वळले नाहीत. ते शेडच्या मधोमध उभे राहिले. भट्टीवर वाफ चढत होती, तिचा घुमा आवाज येत होता. भट्टीवाले काका दारातून पाहत होते. सून बाटली हातात घेऊन तशीच उभी होती. आपण काय केले हे तिला नेमके कळत नव्हते. एखादी खिळखिळी पण उभी असलेली वस्तू हात लावून पाडावी, तसे काहीसे. तिला जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहायचे होते. तिने झाकण आणखी एकदा पिळले.

सासूबाई मागच्या दारातून दोन पावले आत आल्या. ओल्या हौदांमुळे त्या एरवी शेडमध्ये येत नसत.

“काय झालं?” त्यांनी विचारले. “कापडाचं काय झालं?”

“कापडाला काही झालेलं नाही,” मास्तर म्हणाले.

त्यांनी उजवा हात कमरेच्या फडक्याला पुसला. फडके नखात अडकले. या वेळी त्यांनी ते झटकले नाही. डाव्या हाताने शांतपणे सोडवून घेतले. मग सुनेकडे पाहिले. दिव्याच्या पेटीपाशी ‘दिवा बदल’ म्हणताना ते जसे तिच्याकडे बघत तसे. ऐकून घ्यायला नव्हे, ऐकवायला.

“डॉक्टरीणबाईंना आत्ता फोन लाव,” ते म्हणाले. “उद्या सकाळी येतो म्हणावं. नख म्हणाल्या तर नख, अंगठा म्हणाल्या तर अंगठा.”